बायकोच्या अंगावरचे डाग

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा, मोहने गावी कारखान्यात कामाला. शाळा माझी तिसरीपर्यंत.

त्या साली बायकोच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. दंडावर, मांडीवर, पाठीवर. कुठं आपटलीस म्हटलं तर म्हणायची, "कुठंच नाही." नळावरच्या बायकांनी मात्र ठरवून टाकलं. मी बादली घेऊन गेलो की एक म्हातारी मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "दारू न पिणारे जास्त मारतात गं बायांनो." मी पाणी भरून घरी यायचो. जे केलंच नाही त्याची सफाई कशाला द्यायची?

मग तिचा धाकटा भाऊ आला. ठाण्याच्या खाडीवर मासेमारी करायचा. बहिणीचा दंड त्यानं बघितला.

"दाजी, कुत्र्याला पण असं मारत नाय कोण."

"अरे, यांनी हात नाही लावला मला," बायको म्हणाली.

"सगळ्या असंच बोलतात. ताई, पिशवी भर."

मी काहीतरी बोलेन म्हणून ती दारात थांबली. मी डबा भरायला घेतला. ती गेली आणि मी कारखान्यात पाळीवर गेलो.

महिन्याभरानं मेव्हणा परत आला. आत येईना.

"ठाण्यात, नौपाड्याला तिची दाढ काढली. रक्त थांबतच नाय. ॲडमिट केलीय."

"कशानं?"

"रक्तात प्लेटलेट असतात, त्यांनी रक्त गोठतं. हिचं अंगच त्या मारतंय, बोलला डॉक्टर. डाग पण त्याचेच."

"तुझ्या घरी नवे उठले?"

"उठले."

"मग तिथं कोण मारत होतं? तू, का तुझी बायको?"

त्यानं मान खाली घातली. हे बघून बरं वाटेल असं मला वाटलेलं. काहीच वाटलं नाही.

"वाचेल का?"

"गोळ्या चालू केल्यात. डोक्यात रक्त उतरलं तर कठीण. चला दाजी, ती विचारते तुम्हाला."

"उद्या येईन. माझा मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा ठाण्याला गेलो. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. सिस्टरनं तपासायला हातातून रक्त काढलं आणि मला म्हणाली, "इथं दाबून धरा, लवकर थांबणार नाही." मी दाबलं. माझ्या बोटांच्या बाजूनं काळं उठायला लागलं. मेव्हणा समोरच उभा होता. त्यानं बघितलं, मीही बघितलं, आणि दाबतच राहिलो.