न्युमोकोनिओसिसचे तुकडे

आमच्या काळेवाडीच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा चाकणच्या एका फाउंड्रीत ओतकामाला, युनियनमधले जुने. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर, आणि कॉलेजात गेल्यापासून पत्रकं लिहितेही मीच. त्यामुळे बाबांच्या छातीच्या रिपोर्टवर ‘न्युमोकोनिओसिस’ आलं, तेव्हा गेटसभेत त्यांनी काय बोलायचं ते मीच ठरवणार, हे मी धरून चालले होते.

कंपनीचा डॉक्टर म्हणत होता, साधी ॲलर्जी आहे. शिफ्ट सुटल्यावर बस भरेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात बाबांना सगळ्यांसमोर तो शब्द म्हणायचा होता. अडखळले तर लोक हसणार, आणि ॲलर्जीच खरी ठरणार.

मी दोन पानं लिहून दिली. शोषण, नफा, रक्त, घाम, सगळं होतं. बाबा त्या शब्दापाशी आले की ‘न्युमोनिया’ म्हणून मोकळे होत. मी पुन्हा म्हणायला लावी, ते चिडत.

एका संध्याकाळी खालच्या गॅरेजवाल्या चाचांची मुलगी डबा परत द्यायला आली. ती फार्मसीला आहे. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

“काका, वाळूचा साचा एका घावात फोडता का?”

“न्हाई गं. कडेनं ठोकत यायचं.”

“मग ह्यालाही तसंच. न्यु-मो, फुप्फुस. को-नि, धूळ. ओ-सिस, जडलेला आजार. ग्रीक आहे, चावत नाही.”

“म्हंजे धुळीचाच आजार! आगं, नावातच सांगितलंय की सगळं. आन् आमची बाई दोन पानं लिहून बसलीय.”

बाबा माझ्याकडे बघून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ते तिच्यामुळे.

“फार्मसीत ग्रीक शिकवतात वाटतं?” मी म्हटलं.

“नाही गं, पाठच व्हायचं नाही. म्हणून तोडायला शिकले.”

तिला टोमणा कळलासुद्धा नाही. याचा मला जास्त राग आला.

गेटवर बाबांच्या तोंडासमोर भोंगा मी धरला होता. बाबांनी शब्द तोडून म्हटला, मग जोडून. “परत सांगा, राव!” कुणीतरी ओरडलं. मग अख्खी गर्दी म्हणू लागली, न्यु-मो, को-नि, ओ-सिस. माझी एकही घोषणा कधी अशी उचलली गेली नव्हती.

बाहेरच्या डॉक्टरकडून सगळ्यांची तपासणी करा, ही मागणी तिथेच ठरली. पत्रक अर्थात मी लिहिलं. पहिल्या ओळीत तो शब्द आहे, तिने तोडला तसाच. दुसरी चांगली सुरुवात मी खूप शोधली, सापडली नाही.