गोदामावशी कुठल्या गाडीत मावते

गोदामावशी आमच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायची. अंगानं एवढी भरदार की खाली बसली की उठवायला दोघी लागत, आणि तोंड असं की त्या दोघी पुन्हा मदतीला येत नसत. माहेर मंडणगडाकडचं, दिलेली रत्नागिरीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तरी तिला बिचारी म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "बिचारी तू गो उमा. तुझा नवरा गाडीशी बोलतो."

खोटं नव्हतं ते. आमच्या ह्यांनी, म्हणजे चारुदत्तांनी, त्या साली नवीकोरी लाल मारुती घेतली होती. सकाळी देवांच्या आधी तिची आंघोळ व्हायची. शेजारचे हरिश्चंद्रभावजी तिला बघायला आले. त्यांचा चिऱ्यांच्या खाणीचा धंदा आणि दारात लांबलचक जीप. मारुतीत बसून त्यांनी गुडघे हनुवटीला लावून दाखवले आणि म्हणाले, "छान आहे रे चारू. मोठी झाली की सांग."

झालं, पेटलं भांडण. हे म्हणाले, तुझ्या जीपमध्ये जागा आहे पण आराम नाही, खाणीतून घरी येईपर्यंत माणसाचाच चुरा होतो. भावजी म्हणाले, तुझ्या डबीत आराम आहे, पण तो घ्यायला पाय घरी ठेवून यावं लागतं. शिंप्याची टेप आणून दोन्ही गाड्या आतून मोजून झाल्या. बाप्ये इतके रिकामे असतात हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ठरलं, गोदामावशीला दोन्हींत बसवायचं. ती सांगेल ती गाडी ऐसपैस.

मावशीला गाडी लागायची. एसटीचा नुसता वास आला तरी ती लिंबू शोधायची. पण तयार झाली. पहिल्या दिवशी मारुतीतून बंदरावर गेली आणि म्हणाली, "पायांना बरं हाय, पण पोट कुठं ठेवू?" दुसऱ्या दिवशी जीपमधून बाजारात गेली. म्हणाली, "पोटाला जागा हाय, पण ते जागेवर राहत नाय." मग पुन्हा मारुती, पुन्हा जीप. निकाल काही लागेना. त्या महिन्यात मावशीनं सगळी देवळं केली, डॉक्टर केला, हातखंब्याच्या नणंदेशी दोनदा भांडून आली, आणि हे दोघे आपले दार उघडायला हजर.

आंबा संपत आला तेव्हा तिच्या गावचा केरू कामाला आला. बोलता बोलता म्हणाला, "चिमाकाकी घर बंद करून मुंबईस निघाली. लेकाकडं, कायमची."

चिमा मावशीची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. आईबाप गेल्यावर माहेरच्या घरात तीच राहायची. "जाऊ दे," मावशी म्हणाली, "माझं काय जातं?" आणि पिकल्या आंब्यांच्या पेटीत कच्चे भरत बसली. मावशीच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दोघींचा अबोला दहा-बारा वर्षांचा. शिमग्यात गावच्या देवीची पालखी घरोघर येते. माहेरच्या अंगणात देवीची पहिली ओटी थोरल्या लेकीनं भरायची, हा मावशीचा मान. त्या वर्षी ही एसटीनं निघाली, गाडी लागली म्हणून खेडला उतरून बसली, आणि पोचली तेव्हा ओट्या भरून पालखी पुढच्या घरी गेलेली. "थांबवली नाहीस?" म्हणाली. चिमा म्हणाली, "पालखी काय एसटी हाय, हात दाखवून थांबवायला?" मावशी आल्या पावली परत फिरली. ती आजतागायत.

आता चिमा गेली की माहेरचं दारच बंद. पण जाऊन भेटावं तर नाक आडवं येई. चारुदत्तांना सांगितलं असतं तर त्यांनी नेलंही असतं, पण मग चिमाला भेटायला गेली असं झालं असतं ना.

म्हणून मी मावशीसमोरच जेवताना ह्यांना सहज म्हटलं, "गावातल्या गावात काय कळणार? घाटाची वाट हवी. मंडणगडाकडं वळणं फार आहेत म्हणतात." मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता खाणार. पण म्हणाली, "मला काय, कुठंही न्या."

निघालो. ह्यांच्या शेजारी मी, मागं मावशी, आणि पाठीमागून भावजींची जीप, तीत वाट दाखवायला केरू. चिपळुणात तिला जीपमध्ये घातली. गाडी दोन्हींत लागली, म्हणजे न्यायात तिनं कसूर केली नाही.

चिमा दारात ट्रंक बांधत होती. हीही तेवढीच भरदार. तिनं बहिणीकडं न बघता मला सांगितलं, "तिला विचार, चहा घेणार काय."

"सांग तिला," मावशी म्हणाली, "मी गाडी बघायला आले."

"विचार तिला, रत्नागिरीत दिसत नाय काय गाडी?"

मी मध्ये खांबासारखी उभी. चहा झाला. दोघी दोन खोल्यांत. चिमा संध्याकाळची मुंबईची बस खेड डेपोवर धरणार होती. तिथवर सोडतो, असं भावजी म्हणाले आणि वर म्हणाले, "दोघी जीपमध्ये बसा. समोरासमोर बाकं, मोप जागा." चिमानं पदर खोचला आणि ती जीपकडं निघाली. मावशीचं तोंड उतरलं. त्या जीपमध्ये एक या टोकाला, एक त्या टोकाला, रस्त्याकडं बघत खेडपर्यंत गेल्या असत्या.

मी म्हटलं, "भावजी, आधी सामान." ट्रंका चढवल्या, पाटावरवंटा चढवला, तांदळाचं पोतं चढवलं. तरी एक बाक रिकामं. तेवढ्यात मावशी परसातून ओरडली, "फणस काय वांदरांना ठेवायचे? काढ रे केरू." एकेक करून जीप फणसांनी भरली. पुढची सीटसुद्धा. भावजी बघत राहिले. हे मात्र खूश. त्यांना वाटलं, मारुतीची निवड झाली.

मागच्या सीटवर दोघी बसल्या आणि दार लावायला मला बाहेरून पाठ लावावी लागली. पहिल्या वळणावर चिमा मावशीच्या अंगावर. दुसऱ्या वळणावर मावशी चिमाच्या. तोंड फिरवायलाही जागा नाही.

"सरक," मावशी म्हणाली.

"कुठं सरकू, खिडकीबाहेर?"

"पालखीला तरी कुठं जागा ठेवलीस माझ्यासाठी?"

"पालखी भोयांच्या खांद्यावर होती. माझ्या नाय." चिमा म्हणाली. "तुझ्या नावची ओटी भरली मी. आधी तुझी, मग माझी. सगळ्या वाडीनं बघितलं."

"मग सांगितलं का नाहीस मेले?"

"तू ऐकायला थांबलीस कुठं?"

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मागं मावशी रडत होती, आणि रडताना दोघी एकदमच हलत, तेव्हा गाडीही हलत होती. मलाही रडू आलं. नाक पुसायला ह्यांनी आपला गाडी पुसायचा फडका मला दिला.

खेडला मुंबईची बस लागलेलीच होती. भावजी जीपमधून उतरून धावत आले. "मावशी, आता सांगा. कुठली?"

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बसकडं बघत होती. सामान टपावर गेलं, चिमा चढली, तिच्यामागं हीही चढायला लागली.

"मावशी, अहो एसटी आहे ती," हे म्हणाले.

"दिसतंय."

"कपडे?"

"चिमाची लुगडी हायत."

"आणि वाटेत लागली तर?"

"ती हाय पाठ चोळायला," मावशी म्हणाली आणि दांडीला धरून वर गेली. खालून आम्हा दोघांना ढकलावं लागलं.

बस सुटली. हे आणि भावजी आपापल्या गाडीच्या दारावर हात ठेवून बघत राहिले. बसच्या त्या अरुंद बाकावर दोघी बसल्या होत्या आणि खिडकी कुणाची यावरून भांडत होत्या.