ठिबकचं मॉडेल

गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवायचे. मुलं हुशार होती, पण मिळून काही करा म्हटलं की बिथरायची. म्हणून मी पाच-पाच जणांचे गट पाडले. एका गटाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ठिबक सिंचनाचं मॉडेल करायला दिलं आणि सगळं काम वर्गातच करायचं, असं बजावलं.

त्या गटातल्या एका मुलीच्या घरी फुलशेती होती. बाकी चौघं फ्लॅटमध्ये वाढलेली. पहिले दोन तास भांडणातच गेले. तिसऱ्या तासाला त्यांनी ट्रेमध्ये माती भरली, सलाईनच्या नळीला भोकं पाडली. पण पाणी सगळं टोकातून वाहून गेलं.

"टोक दुमडून बांधायचं असतं," ती म्हणाली. "आमच्याकडे तसंच करतात."

एकाने टोक दुमडलं, दुसरीने दोरा गुंडाळला. प्रत्येक भोकातून थेंब पडायला लागले. पाचही डोकी ट्रेवर वाकली. मी मुद्दामच जवळ गेले नाही.

दोन दिवसांनी त्यातल्या एका मुलाची आई आली. "हा चिखल प्रदर्शनात ठेवणार? आम्ही चांगलं करून आणतो." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, पालकांना दुखवू नका." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघा तुम्ही."

प्रदर्शनात दुकानातून बनवून घेतलेलं मॉडेल आलं, मोटर-लाइटसकट. नंबर काढायला आलेल्या पाहुण्यांनी प्रत्येकाला विचारलं, तू काय केलंस? चौघांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. फुलशेतीवाल्या घरची ती मुलगी म्हणाली, "मी काही नाही केलं, सर. हे विकत आणलंय."

तिच्याकडे कुणी बघेना. मीही खाली बघत राहिले. नंतर ती चौघं तिच्याशी बोलेनाशी झाली. "तुझ्यामुळे नंबर गेला," एवढंच एकीने ऐकवलं. मी त्यांना समोर बसवून बोलले, दोनदा. त्यांनी माना डोलावल्या. मुळात मीच त्या आईला नाही म्हटलं नव्हतं, हे मात्र मला त्यांना सांगता आलं नाही.

पुढच्या सत्रात मी पुन्हा गट पाडायला लागले, तेव्हा ती टेबलापाशी आली.

"मॅडम, मी एकटीने केलं तर चालेल?"

"का गं?"

"असंच."

मी हो म्हटलं. ते ऐकून आणखी सात-आठ हात वर आले. त्यांनाही मी हो म्हटलं. त्या सत्रात गट झालेच नाहीत.