कमी खर्चात ग्रह उतरवून मिळतील

पृथ्वीवरच्या एकाही भानगडीत रस नसलेला माणूस अख्ख्या बुलढाण्यात एकच, आणि ते नेमके माझे मामा निघावेत हे आमचं नशीब! विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच घोर लागला आहे: पार उंच कक्षेत काम संपलेले उपग्रह तसेच फिरताहेत, ते स्वस्तात हटवायचे कसे? मेथी आणायला जातात आणि भाजीवाल्यालाच पकडतात. "अबे, रॉकेट काऊन पाह्यजे? उजेड फुकट हाये. पातळ पडदा बांध, सूर्याचा उजेडच त्याले ढकलत नेते!" हे सिद्ध करायला त्यांनी गच्चीवर मामींची नवी साडी कळशीला बांधली. कळशी जागची हलली नाही. साडी तेवढी सुटून शेजारच्या कडुलिंबावर गेली. "वरचं राहू द्या," मामी खालून कडाडल्या, "आधी माळ्यावरचा फुटका कूलर उतरवा!" कूलर अजून माळ्यावरच आहे.

मग मामांनी दारावर पाटी लावली: 'कमी खर्चात उपग्रह उतरवण्याबाबत मोफत मार्गदर्शन.' पेंटरने 'उप' इतकं बारीक काढलं की लोक नुसतंच 'ग्रह' वाचू लागले. आणि एके दिवशी वडनेर भोलजीची एक बाई लेकीला घेऊन दारात हजर. "गुरुजी, पोरीले मंगय हाये. जमलेलं लगन मोडून राह्यलं. पोरगा पसंत हाये तिले, पण त्याची माय अडून बसली. तेवढा मंगय उतरवून द्या." मी गारच पडलो. पत्रिका म्हटलं की मामांचं डोकं फिरतं. माझ्या लग्नात मुहूर्त काढणाऱ्या भटजींना त्यांनी अक्षता पडेपर्यंत गुरुत्वाकर्षण शिकवलं होतं. आता ते काय काय ऐकवणार! पण पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती, डोळ्यांतलं पाणी टपटप पडत होतं. मामांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"बाई, उतरवाले लय खर्च येते," ते म्हणाले. "म्हणून इतक्या उंचावरचे आम्ही खाली आणतच नाही. अजून थोडं वर ढकलून देतो, मंग ते कोणाच्या वाटंत येत नाही. तुमचाबी ढकलतो."

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! मला सोबत घेऊन बसने स्वतः नांदुऱ्याला गेले, पोराच्या आईसमोर कागदावर वर्तुळं काढली आणि मंगळ वाटेतून कसा सरकवला ते समजावलं. वर्गात कधी कुणी ऐकलं नसेल इतक्या भक्तिभावाने त्या माउलीने ऐकलं आणि हात जोडून होकार दिला. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. "जिंदगीभर खरं सांगतलं बे," ते मला म्हणाले, "तं कोणी बसून ऐकलं नाही."

लग्नात मामांना पहिल्या रांगेत खुर्ची, वर फेटा. सगळे जेवायला उठले तशी नवरी पाया पडायला आली आणि वाकल्या वाकल्या हळूच विचारती झाली, "आजोबा, तो परत खाली तं नाही ना येत?"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लाखो वर्षं नाही येत, बेटा."

उपग्रहांपुरतं ते अगदी खरं होतं. मला हसायचं होतं हो, पण नवरीच्या मागोमाग मीही मामांच्या पाया पडलो.