शेरडांनी पेरलेला उतार

खाणीच्या उतारावर कुठं हिरवं दिसलं, की आक्काच्या कपाळाला आधी आठी पडायची. माणसं हिरवं बघून सुखावतात. आक्का चौकशी करायची. "कुठलं हाय त्ये? हितलं, का आणलेलं?" आणलेल्या झाडाला ती पावणं म्हणायची. पावण्याला जेवू घालावं, पण घर त्याच्या नावावर करू नये, असं तिचं मत.

आक्का आमच्या मजूर बायकांची मुकादम. त्याच खाणीत तिनं उभी हयात खडी फोडली होती. खाण बंद पडली आणि उघडा पडलेला उतार पुन्हा झाडाझुडपांखाली आणायचं काम आमच्या संस्थेकडं आलं, तेव्हा न बोलावता पहिली तीच हजर झाली. "ह्यो डोंगर मी खाल्लाय सायेब," म्हणाली, "झाकायला बी मीच पायजे." दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाहणी होती. तोवर काही जगलेलं दिसलं नाही, तर काम बंद. मला दुसरी नोकरी मिळाली असती. आक्काला दुसरा डोंगर मिळणार नव्हता.

मी वनस्पतिशास्त्रातला एम.एस्सी. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि ही गोष्ट मी समोरच्याला पाच मिनिटांत कळवतो. गडमुडशिंगीतल्या आमच्या घराच्या पाटीवर माझं नाव वर आहे, वडिलांचं खाली. आक्कालाही मी झाडांची लॅटिन नावं ऐकवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "अशी हाक मारली की लवकर उगवतंय व्हय?"

शिकल्याचा अभिमान मला आजही आहे. पण त्या वर्षी त्यानं माती खाल्ली. उतारावर बोरीची, हेकळीची काटेरी झुडपं आपोआप आली होती, मधून वाळकं कुसळी गवत. मला तो पसारा वाटला. मी सगळं साफ करायला लावलं, दोरी धरून सरळ रेषेत खड्डे काढले आणि सुबाभळीची रोपं लावली. ती झपाट्यानं वाढतात आणि फोटोत छान येतात.

"काटं काढू नगासा," आक्का म्हणाली. "त्येच्या आडोशानं बारकी रोपं जगत्यात. जनावर तोंड घालत न्हाय."

"आक्का, हे शास्त्र आहे."

तिनं पदर खोचून कोयता उचलला. बाकीच्या बायका माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायला लागल्या.

श्रावणात एक दिवस मी बैठकीसाठी कोल्हापुरात होतो. संध्याकाळी परत आलो, तर उतारावर माझ्या रेषा तेवढ्या उरलेल्या. रोपांचे नुसते खुंट.

"कुणाची शेरडं होती?"

"माझीच की," आक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुमी ताट वाढून ठेवलंसा, ती जेवली."

दुसऱ्या दिवशी तिनं तोडलेले काटे ओढून आणून उतारावर पसरले. दिवाळीनंतर शेजारच्या माळावरचं पिकलेलं गवत बियांसकट कापून अंथरलं. हिवाळ्यात शेरडं बोरं खातात, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. दोन्ही वेळी गोठ्यातल्या लेंड्या पाटीनं आणून दगडांच्या भेगांत भरल्या. "खाल्लं तिनी, आता पेरतील बी तीच. पोटातनं आलेलं बी लौकर फुटतंय." हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. खाणीवर मात्र आठवलं नव्हतं.

दुसरा पावसाळा सरला आणि पाहणीला वरचे साहेब आले. "लागवड कुठाय?" मी घसा साफ करेपर्यंत आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या सायबांची मेली. ही शेरडांची." साहेब उकिडवे बसले. काटे बाजूला सारून त्यांनी भेगेतली बाभळीची, बोरीची रोपं निरखली, आणि उठताना काम चालू ठेवा म्हणाले.

पुढं आक्काचे गुडघे गेले आणि लेकीनं तिला हुपरीला नेलं. मी कामाचा अहवाल लिहिला आणि तो घेऊन तिला भेटायला गेलो. हुपरीत घरोघरी करतात तसं ती दारात बसून चांदीच्या पैंजणाच्या कड्या ओवत होती. काट्यांचा आडोसा, गवत, लेंड्या, तिचं नाव, सगळं वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल.

"आन् तुमची मेली ती कुटं लिवलीसा?"

"ती नाही लिहिली."

"मग फुडचा सायेब परत काटंच तोडणार की."

एसटीतून येताना खिडकीबाहेर बघणं झालं नाही. घरी आल्यावर मेलेल्या रोपांचं पान लिहिलं: काय केलं, का केलं, कुणाचं ऐकलं नाही. बाकीच्या अहवालावर आम्हा सगळ्यांची नावं आहेत. त्या पानावर माझं एकट्याचं.