उभ्या गाडीचा पोचा

जुनी, पोचे पडलेली मोटार घ्यावी की घेऊ नये, हे अख्ख्या पुण्यात छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. गाडीच्या इंजिनात काय चालतं, याची त्यांनी कधी चौकशीसुद्धा केलेली नाही. पण नातेवाईक, शेजारी, शेजाऱ्यांचे व्याही, कोणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की आधी कसबा पेठेत जाऊन मामांना घेऊन यायचं, असा आमच्याकडे रिवाजच पडून गेला आहे. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात टाकून मामा निघतात. ते पत्र्यावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली. एवढं कोणीही करील. मामांची खरी परीक्षा पुढे असते. ते पोच्यावर बोट ठेवतात, मालकाकडे वळतात आणि वर्गातल्या पोराला उभं केल्यासारखं म्हणतात, "हं. आता ह्याचं सांगा."

त्यांच्या मते पोचा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. "पत्रा कोणाचाही वाकतो. पण जो माणूस पोच्याबद्दल खोटं बोलतो, तो इंजिनाबद्दल खरं कशाला बोलेल?" एकदा माझ्या ऑफिसातल्या मित्रासाठी आम्ही कात्रजला एक गाडी पाहायला गेलो. बारा वर्षांची गाडी आणि अंगावर ओरखडा नाही. मित्र हरखून गेला. मामा एक फेरी मारून मालकाला म्हणाले, "बारा वर्षं पुण्यात राहून हिला कोणी शिवलं नाही? अहो, चालवलीत की देव्हाऱ्यात ठेवली होतीत?" मग चुंबक लावलं, ते दोन्ही दारांवरून घसरलं. मालक म्हणाले, "हां, ते होय! उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं होतं." मामांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. हे वाक्य कानावर पडलं की ते तिथे क्षणभर थांबत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांच्या पेठेतल्या एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानदाराची गाडी पाहिली. पुढचा बंपर पार चेपलेला. "काय सांगू सर," दुकानदार मान खाजवत म्हणाला, "बायकोला शिकवत होतो. ती म्हणत होती भिंत आली, भिंत आली. मी म्हटलं, काही नाही, घे पुढे. चूक माझीच." मामांनी चुंबक खिशातून काढलंसुद्धा नाही. मित्राला म्हणाले, "ही घ्या." मित्राने भीत भीत घेतली. ती अजून उत्तम चालते आहे.

हे सगळं मी आता हसत सांगतो, पण कात्रजला त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. कारण तेच वाक्य मी स्वतः मामांना ऐकवलेलं होतं. त्याआधी दोन वर्षं, गावाहून येणाऱ्या आईला आणायला मी मामांची गाडी घेऊन स्वारगेटला गेलो होतो. मागे घेताना डाव्या बाजूचं मागचं दार एका पिवळ्या खांबावर घासून आत गेलं. किल्ली परत देताना मी मामांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं, मामा." त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असं का," म्हणाले आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितला. स्वतःच्या घरातून चपला घालून ते जाणार तरी कुठे! त्यानंतर प्रत्येक गाडी पाहायला त्यांनी मला आवर्जून बरोबर नेलं, आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्या मागे दोन पावलं उभा राहिलो.

गेल्या वर्षी मामांना दिसायला कमी झालं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. इकडे आईला स्कूटरवर बसवेना. ती गाडी आपल्यालाच मिळावी असं मला फार वाटत होतं. मामांचं आणि आईचं, दोघांचंही नीट होणार होतं. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "नात्यात असं देणं नाही. रीतीप्रमाणे पाहा, मग ठरवू." आणि चुंबक माझ्या हातात ठेवलं.

मी पोच्यावर बोट ठेवत गेलो, ते सांगत गेले. "पुढचा, सिग्नलला डुलकी लागली म्हणून. उजवीकडचा, म्हैस मध्ये आली. नव्हे, मीच म्हशीच्या मध्ये गेलो." डाव्या दाराशी माझं बोट थांबलं. मामा शांतपणे म्हणाले, "उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं."

नियमाप्रमाणे मी चपला घालून निघायला हवं होतं. मी बोट तिथेच ठेवलं.

"मामा, हा माझा आहे."

"पुढे घेताना की मागे?"

"मागे. स्वारगेटला. खांब होता."

"पिवळा. त्याचा रंग अजून कडेला आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उभ्या गाडीला उभा खांब ठोकून गेला, असं मी पुण्यातसुद्धा ऐकलं नव्हतं, जावईबापू." मग किल्ली पुढे केली. "घ्या. आजही बोलला नसतात, तर भंगारात घातली असती."

गॅरेजवाला दरवेळी म्हणतो, अर्ध्या दिवसात पोचा काढून देतो. मी काढू देत नाही. रविवारी आई पुढे बसते, मामा मागे. त्यांना आता रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत. बोळाच्या तोंडाशी ते उभे असतात. मी हाक मारली तरी लगेच बसत नाहीत. आधी मागच्या दारावरून बोटं फिरवतात, खड्डा लागला की मान हलवतात, आणि मग दार उघडतात.