काकांचा खोकला

गाढवपणा सांगायचाच तर तारीखवार सांगावा, म्हणून वही घेऊनच बसलोय. चहा ओता. आणि हसायचं ते मला हसा, त्या बिचाऱ्या काकांना नको.

अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून, फोनवर रेकॉर्ड करून पाठवणारी आमची एक छोटी संस्था आहे. तिला ऑफिस नाही, पाटी नाही. तीसेक माणसं आपापल्या घरी बसून वाचतात. मी कसबा बावड्यात, कुणी गडहिंग्लजला, कुणी जयसिंगपुरात. एकमेकांचे आवाज आम्हाला पाठ, पण एसटीत शेजारी बसलो तरी ओळखणार नाही.

चुका सगळेच करायचे, आणि प्रत्येकजण आपली चूक एकट्यानंच करायचा. म्हणून मी सुचवलं, एकसारखं काम करणाऱ्यांचे अभ्यासगट करू. वाचणाऱ्यांचा एक, तपासणाऱ्यांचा एक. आठवड्यातून एकदा फोनवर जमायचं, एकाचं पाहून दुसऱ्यानं शिकायचं. सगळ्यांना पटलं. एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

पहिल्या पाठासाठी मी नृसिंहवाडीच्या सुमनकाकूंचं रेकॉर्डिंग निवडलं. कानाला लावून, वहीत मिनिटवार टिपण केलं. मिनिट चार, कुकरची शिट्टी. मिनिट सहा, काकूंच्या यजमानांचा खोकला. मिनिट नऊ, यजमान विचारतात, "माझा चष्मा बघितलास काय गं?" साडेनऊ, काकू पुस्तक थांबवून सांगतात, "डोक्यावर हाय." एका प्रकरणात सतरा आवाज निघाले. त्यातले अकरा एकट्या काकांचे.

'टाळण्याचे आवाज' असं वर लिहून मी ती यादी व्हॉट्सॲपवरच्या गटावर टाकली. नावासकट.

काकूंचं उत्तर आलं, "बरं."

तुमच्या घरातल्या कुणी असं नुसतं 'बरं' म्हटलं तर तुम्ही काय समजाल? मी वहीत लिहिलं, 'काकूंनी सूचना आनंदाने स्वीकारल्या.'

त्यांची पुढची प्रकरणं स्वच्छ आली. शिट्टी नाही, चष्मा नाही, काही नाही. मी ती आदर्श म्हणून सगळ्यांना पाठवली. जयसिंगपूरचे एक गुरुजी तर ऐन उन्हाळ्यात मोटारीच्या काचा वर करून आत बसून वाचायला लागले. गट चाललाय म्हणून मी खूश.

महिन्याभरात भूपालअण्णांचा फोन आला. अण्णा आमचे श्रोते. नजर जाण्याआधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. ओतलेल्या लोखंडी कास्टिंगवर ठोका मारून, आवाजावरून आतली चीर सांगायचे.

"माने सर, कधी झालं ओ?"

"काय कधी झालं?"

"काकूंच्या मालकांचं."

"त्यांचं काय?"

"आता मलाच इचारताय? चार प्रकरणं ऐकली. एकदाबी खोकला न्हाय. चष्मा न्हाय. बाई घशात कायतरी अडकल्यागत वाचतीया. कुकरसुदीक न्हाय सर. असल्या घरात कुकर कोण लावतंय?"

आता या कानावर अविश्वास कसा दाखवायचा? त्यात मी गट उघडून बघितला तर काकू आदल्याच दिवशी बाहेर पडलेल्या. माझी खात्रीच झाली.

"पुस्तक ऱ्हाऊ दे अर्धं," अण्णा म्हणाले. "पर बाईला एकटं सोडू नगासा."

माझी बायको वैशाली म्हणाली, "आधी फोन करून विचारा की त्यांना."

"काय विचारू? काका गेले का हो, असं?"

न विचारता मी गटावर श्रद्धांजली लिहिली. 'काका मनमिळाऊ आणि मितभाषी होते.' ज्या माणसाचे अकरा आवाज मी मोजले होते, त्याला मितभाषी. संध्याकाळपर्यंत पंचवीस जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रविवार. अशा घरी चूल पेटत नाही म्हणून वैशालीनं पिठलं-भाकरीचा डबा केला, आणि आम्ही नृसिंहवाडीला गेलो.

दार एका उंच, वयस्कर गृहस्थांनी उघडलं. "कोण पायजे, पावणं?"

"मी माने. वाचनाच्या संस्थेतून आलोय. आपण काकांचे भाऊ का?"

"कुठल्या काकांचं?"

"जे... गेले त्यांचे."

"कुठं गेलं?" असं म्हणून ते खोकले.

मी तो खोकला ओळखला. मिनिट सहा.

वैशालीनं डबा हळूच पाठीमागे घेतला. तोवर काकू बाहेर आल्या आणि अण्णांच्या फोनपासून सगळं ऐकून पायरीवरच बसल्या. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"माने, तुमची यादी आल्यापासनं वाचताना ह्यांना मागच्या पडवीत बसवत होते मी. खोकला आला की तोंडावर पंचा धरायचे. परवा म्हणाले, माझ्यामुळं तुझं बिघडत असंल तर रोज तासभर घाटावर जाऊन बसतो. पंच्याहत्तरीचा माणूस. तवाच ठरवलं, असलं वाचन मला करायचं न्हाय."

हातात फोन होता, तो मी अण्णांना लावला, स्पीकरवर टाकला आणि काकांपुढे धरला.

"अण्णा, मी हाय की," काका म्हणाले.

पलीकडून अण्णा म्हणाले, "खोका बघू."

काका खोकले.

"हां. त्योच," अण्णांनी दम सोडला. "काकू, पुढचं प्रकरण पाठवा. पर ह्यांना शेजारी बसवून. माझ्या घरात दिवसभर कोण नसतंय ओ. तुमचं पुस्तक लावलं की चार माणसांत बसल्यागत वाटतंय."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "उद्या पाठवते. अन् आता यादीत माझं नाव घालाल तवा ह्यांचंबी वाचक म्हणून घाला, माने."

काकांनी डब्याचा वास ओळखला होता. चौघं जेवायला बसलो. फोन चालूच होता.

"सर, एक इचारू? रागवू नगासा," अण्णा म्हणाले. "तुमच्या वाचनात कधी भांडं वाजत न्हाय, माणूस बोलत न्हाय. आम्ही समद्यांनी धरलंय, तुम्ही एकटंच हाय. दोन महिनं झालं, तुमच्यासाठी स्थळ बघतोय. कागलची एक बाई हाय, लई गुणाची."

माझा घास हातातच राहिला. वैशालीनं काकांना भाकरी वाढली आणि फोनजवळ वाकून म्हणाली, "बघा की अण्णा. फक्त तिला आधीच सांगून ठेवा, ह्यांचं वाचन चालू असताना बायकोनं पडवीत बसायचं असतं."